पदकांच्या मोसमातली वंदना

पदकांचा मोसम आलाय हे मला वर्तमानपत्राच्या आधी दुधाच्या पिशवीवरून कळतं. पिशवीवर अचानक एक भालाफेकपटू उभा राहतो. मग लालबागच्या नाक्यावरच्या टीव्हीच्या दुकानात सगळे पडदे एकदम निळे होतात आणि त्यात कुणीतरी पोहत असतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळच्या गुलाबाच्या जागी तिरंगा येतो. तळमजल्यावरच्या सावंतकाकांनी आयुष्यात बेचकीसुद्धा हातात धरलेली नाही, पण ते लिफ्टपाशी थांबवून सांगतात की आपल्या मुलीचा बाण वाऱ्यामुळे चुकला. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पदकतक्त्याची चौकट बसते आणि अख्खी मुंबई त्या चौकटीत बोट खाली खाली नेत आपल्या देशाचं नाव शोधते.

श्रावण आला की काहींना माहेर आठवतं. हा मोसम आला की मला वंदना आठवते. तशी ती कुठे लांब नाही. लग्न होऊन ठाकूरद्वारच्या एका वाडीत गेली, तिथेच आहे. बस धरली तर अर्ध्या-पाऊण तासात माझ्या दारात येते. पण या दिवसांत ती वेगळी आठवते, आणि आठवली की मनात काहीतरी टोचतं. त्याला मत्सर म्हणतात. मी बरीच वर्षं दुसरे शब्द वापरून पाहिले. चुटपुट, हुरहुर, कौतुकमिश्रित काहीतरी. एकही नीट बसला नाही.

आम्ही दोघी परळच्या एकाच चाळीतल्या. चाळीमागच्या मैदानात आमच्या मंडळाची कबड्डी चालायची. वंदना चढाईला जायची. म्हणजे ती एकटी समोरच्यांच्या अंगणात शिरायची, हात मारायची आणि कुणाच्या तावडीत न सापडता परत यायची. मी डावा कोपरा सांभाळायची. समोरून चढाई करणारी आली आणि तिचा पाय जरा लांब पडला की खाली झेपावून तिचा घोटा धरायचा, आणि बाकीच्या येऊन कोसळेपर्यंत सोडायचा नाही, एवढं माझं काम. दोन्ही कामांना गुण सारखाच मिळतो. फोटो मात्र सारखे मिळत नाहीत. चढाई करणारीचा चेहरा दिसतो, वेणी हवेत असते, डोळे मोठे झालेले असतात. घोटा धरणारीची पाठ दिसते. मंडळाच्या ऑफिसात एक फोटो अजून लावलेला आहे, त्यात माझे फक्त दोन हात आहेत. ते माझे आहेत हे मला माहीत आहे, कारण डाव्या करंगळीला चिकटपट्टी आहे.

पुढे आम्ही दोघी राज्याच्या संघात खेळलो. दोघी भारताच्या शिबिरालाही गेलो. शेवटच्या निवडीत ती राहिली, मी गळाले. निवड समितीला दोन डावे कोपरे नको होते आणि दुसरी मुलगी माझ्यापेक्षा उंच होती, इतकंच. त्यात काही अन्याय नव्हता. अन्याय झाला असता तर बरं झालं असतं. माणसाला रागवायला जागा तरी मिळते.

वंदना परदेशात खेळायला गेली आणि संघाबरोबर सोनं घेऊन आली. पण ते सोनं कुणी पाहिलं नाही. टीव्हीवर त्या दिवशी क्रिकेट होतं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात, क्रिकेटच्या पानभर मजकुराखाली, हवामानाच्या चौकटीला टेकून एक बातमी होती. चार-पाच ओळींची. तीत वंदनाचं नाव 'नंदना' छापलं होतं. चाळीतल्या पोरांनी ते कात्रण काचेत बसवलं आणि 'न'वर पेनाने 'व' काढला. बेंजो लावून मिरवणूक काढली, गुलाल उडवला, वंदनाच्या आईने दहीभाताचा मुटका ओवाळून टाकला. त्या मिरवणुकीत मी तिच्या शेजारी नाचले. अगदी मनापासून नाचले. जे आपण पाहिलंच नाही त्याचा हेवा करायचा तरी कसा? ती कशी खेळली, शेवटची चढाई तिने कशी केली, हे फक्त तिच्या तोंडून ऐकलं, आणि वंदनाला सांगता काही येत नाही. "गेले, मारलं, आले," एवढंच ती सांगते.

नंतर आम्ही दोघी खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलो. मी बँकेत, ती सरकारी कार्यालयात. दोघींची लग्नं झाली, दोघींचे गुडघे गेले. पदक तिच्या कपाटाच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राच्या डबीखाली पडून राहिलं. मधली कितीतरी वर्षं आमच्यात सगळं सारखं होतं. मला वाटलं, ते सारखंच राहणार.

मग मागचा मोसम आला.

त्या वर्षी पहिल्यांदा कबड्डी मोबाइलवर दिसायला लागली होती. नुसती दिसत नव्हती. संथ गतीत दिसत होती, चार बाजूंनी दिसत होती, मागे ढोल-ताशा लावून दिसत होती. संघातल्या मुली विमानतळावर काय खातात, कुठलं गाणं ऐकतात, केसांना कसलं तेल लावतात, हे सगळं. जिंकल्या की 'देशाच्या लेकी', हरल्या की 'नेमकं कुठे चुकलं?', आणि एखाद्या सामन्यानंतर रडल्या की त्या रडण्याचा वेगळा व्हिडिओ. मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ते बघत राहायची. पाहावत नव्हतं, आणि बघणं थांबवताही येत नव्हतं. आमच्या वेळी एक, निदान एक कॅमेरा असता, हे सारखं मनात यायचं. आणि हे 'आमच्या'मध्ये मी स्वतःला कशी घुसवते, हेही मनात यायचं.

अशात रुचिता नावाची एक मुलगी वंदनाला शोधत आली. ती विसरलेल्या खेळाडूंचे व्हिडिओ करायची. बोलायला गोड, हुशार, हातात छत्रीसारखा काहीतरी दिवा. तिला वंदनाची गोष्ट चाळीत चित्रित करायची होती. वंदनाची आई अजून त्याच खोलीत राहते. वंदनाने मला फोन केला, "तू पण ये गं. मैत्रीण म्हणून दोन वाक्यं बोल."

मैत्रीण म्हणून. मी साडी इस्त्री करून गेले.

रुचिताने आधी मजल्यावरच्या सार्वजनिक नळाकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. वंदनाच्या आईला म्हणाली, "आजी, तुम्ही इथे भांडी घासत बसा, आणि वंदनाताई मागून येऊन तुमच्या गळ्यात पडतील."

आजी मालवणच्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "अगो बाय, हय कित्याक घासू? मोरी घरात आसा ना! आणि भांडी घासूक बाई येता."

"फक्त शूटिंगपुरतं, आजी."

"शूटिंगपुरता काय तो एक डाव घासतंय. पण बाईक सांगा, नायतर तिका वाटात मी तिका काढून टाकलंय."

शेवटी आजींनी एकच टोप घासला, तोही आधीच घासलेला. मग माझी पाळी आली. रुचिताने मला जिन्याच्या कठड्याला टेकून उभं केलं. "ताई, तुम्ही सांगा ना, वंदनाताईंकडे बूट नव्हते. त्या अनवाणी खेळायच्या."

"अगं, मातीवर सगळेच अनवाणी खेळतात," मी म्हटलं. "मीसुद्धा अनवाणीच होते. समोरचा संघही."

"हो, ते बरोबर आहे. पण तुम्ही फक्त त्यांचंच सांगा ना."

मी पुन्हा तेच सांगितलं, कारण दुसरं काही खरं नव्हतं. शूटिंग संपल्यावर आजींनी सगळ्यांना घावणे घातले.

व्हिडिओ आला. सुरुवातीला आजी नळावर, मागे सनईसारखं काहीतरी रडतंय. मग वंदना मैदानाकडे पाहते आहे. मग मी. माझं वाक्य होतं, 'मातीवर अनवाणी खेळतात.' मधला 'सगळेच' कुठेतरी गळून पडला होता. पडद्यावर मोठी पिवळी अक्षरं आली, अनवाणी पायांनी जिंकलं सोनं, आणि देश विसरला! त्यात वंदनाची चूक नव्हती. तिने तर तो व्हिडिओ पाहून मला फोन केला, "अगं, माझ्याकडे बूट होते की! मॅटवर खेळायला शिबिरात दिले होते ना आपल्याला?"

पण तोवर उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सावंतकाकांनी आमच्याच ग्रुपवर टाकला, खाली रडणारे चेहरे. बँकेत शाखाप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "या तुमच्या ओळखीच्या आहेत म्हणे?" आणि दोन दिवसांनी एका वृत्तवाहिनीने वंदनाला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. रोज, स्पर्धा संपेपर्यंत.

त्या वाहिनीचं ऑफिस परळलाच, गिरणीच्या जागेवर झालेल्या काचेच्या इमारतीत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती इमारत दिसते. संध्याकाळी भाकरी थापताना मी त्या उजळलेल्या मजल्यांकडे बघायची आणि वंदना आत्ता कुठल्या मजल्यावर पावडर लावून घेत असेल याचा अंदाज करायची. मग हात धुऊन टीव्हीपुढे बसायची. ती यायची, निळा ब्लेझर घालून. खाली पट्टी यायची, वंदनाचं पूर्ण नाव, त्याखाली 'माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू'. त्या शब्दांवर माझी नजर अडायची. मीही माजी होते. मधला शब्द तेवढा नव्हता.

माणूस जळतो तेव्हा मोठ्या गोष्टींवर जळत नाही. तिच्या पदकावर मी कधी जळले नव्हते. मी तिच्या कानातल्या त्या छोट्या यंत्रावर जळले, ज्यातून कुणीतरी फक्त तिच्याशी बोलत होतं. निवेदक तिला 'ताई' म्हणताना जरा झुकायचा त्यावर जळले. मच्छीबाजारात आमची नेहमीची पारूमावशी, शीव कोळीवाड्याची, मला पंचवीसेक वर्षं मासळी देते. तिने एके दिवशी चांगली सुरमई पाटीखाली सरकवून ठेवलेली मी पाहिली. "ती कुणाची?" विचारलं तर म्हणाली, "ती टीवीवाली तुज्याकडं येनार हाय ना रविवारी? तिच्यासाठी." त्या रविवारी वंदनाने माझ्या घरी, माझ्या हातची, तिच्या नावाची सुरमई खाल्ली आणि म्हणाली, "तुला बाजारात मासळी कसली मस्त मिळते गं!"

गंमत अशी की टीव्हीवर तिला बोलायला सुचत नव्हतं. "मला असं वाटतं की मुली चांगल्या खेळतायत," म्हणायची आणि थांबायची. निवेदकच पुढे सगळं ओरडायचा. मग तो सामना आला. आपल्या मुली मागे पडल्या होत्या, वेळ संपत आली होती, आणि डाव्या कोपऱ्यातल्या आपल्या मुलीने समोरच्या सगळ्यात दांडग्या खेळाडूचा घोटा धरला. तिने काय केलं ते मी पाहिलं. ती आधी मुद्दाम अर्धं पाऊल मागे गेली होती, घाबरल्यासारखी. समोरची फसली आणि पाय लांब टाकला. त्या एका पकडीवर सामना फिरला. पुढच्या चढाईत आपल्या दुसऱ्या एका मुलीने दोन गुण आणले आणि आपण जिंकलो. झालं. वाहिनीने ती चढाई पुन्हा पुन्हा दाखवली, लाल वर्तुळ काढून, बाण काढून, ढोल वाजवून. कोपऱ्यातली ती मुलगी वर्तुळाच्या बाहेर, कडेला, गुडघ्यावर बसून धाप टाकत होती.

मला राहवलं नाही. जाहिराती लागल्या तसा मी फोन उचलला आणि वंदनाला आवाजी निरोप पाठवला. "अगं, चढाईचं काय घेऊन बसलीयस! त्या डाव्या कोपऱ्याकडे बघ. ती आधी अर्धं पाऊल मागे गेली. तिथे सामना जिंकला आपण. तिचं नाव घे."

जाहिराती संपल्या. वंदना पडद्यावर आली, घसा साफ केला आणि म्हणाली, "चढाईचं काय घेऊन बसलात? त्या डाव्या कोपऱ्याकडे बघा. ती आधी अर्धं पाऊल मागे गेली. तिथे सामना जिंकला आपण." आणि त्या मुलीचं नाव घेतलं.

निवेदकाने मागे वळून पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी ती पकड पुन्हा दाखवली, संथ गतीत. अर्धं पाऊल मागे. सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

माझा नवरा प्रकाश सोफ्यावर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. "शब्द तुझे," तो म्हणाला, "आणि पावडर तिची."

ते वाक्य दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरलं. प्रकाशचं नव्हे, अर्धं पाऊल मागे. 'वंदनाताईंची गरुडनजर' असं लिहून. मला तो व्हिडिओ निदान सात-आठ जणांनी पाठवला. मी प्रत्येकाला अंगठा पाठवला. त्यानंतर वंदना रोज सामन्याआधी फोन करायला लागली. "तू बघत्येस ना? मग पाठवत राहा हं. मला तिथे दिव्यांत काही दिसत नाही." मी पाठवत राहिले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. माझं वाक्य त्या काचेच्या इमारतीत जायचं, ब्लेझर घालायचं आणि परत माझ्याच घरात यायचं. पण प्रत्येक वेळी, ते परत आलं की त्याच्याखाली तिचं नाव असायचं, आणि मी पुन्हा जळायची. आवडणं आणि जळणं एकाच वेळी चालू शकतं, हे मला त्या मोसमात कळलं.

अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारीच दाराची बेल वाजली. वंदना. ब्लेझर घातलेला, केस सेट केलेले.

"अगं, स्टुडिओत नाही गेलीस?"

"नाही बोलावलं."

ती आत आली, ब्लेझर न काढता खुर्चीत बसली. घरी तिने सांगितलंच नव्हतं. नवरा आणि वाडीतले लोक ती टीव्हीवर दिसणार म्हणून जमले होते, म्हणून रोजच्यासारखी तयार होऊन निघाली आणि सरळ माझ्याकडे आली.

"काय झालं?"

"काल त्यांनी सांगितलं, ताई, तुम्ही फार टेक्निकल बोलता. कोपरा, घोटा, पाऊल, हे लोकांना कळत नाही. जरा इमोशनल बोला. आई, नळ, अनवाणी पाय." तिने पदराने नाही, ब्लेझरच्या बाहीने नाक पुसलं. "मी म्हटलं, ते मी एकदा सांगितलंय. रोज रोज काय आईला नळावर बसवू? तर आज त्यांनी ती सिरीयलमधली मुलगी बोलावलीय. तिने म्हणे कबड्डीवाल्या मुलीचं काम केलंय."

माझ्या शब्दांमुळे तिची खुर्ची गेली होती. मला वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी, वाईटाच्या जरा खाली, मला हेही वाटलं की माझ्या शब्दांत एवढं वजन होतं तर. मी उठून चहा टाकला.

सामना आम्ही दोघींनी आणि प्रकाशने बघितला. टीव्हीचा आवाज बंद करून, कारण ती सिरीयलवाली मुलगी दर मिनिटाला 'अंगावर काटा' म्हणत होती. आपल्या मुली जिंकल्या. शेवटच्या चढाईवर जिंकल्या. मग कॅमेरा त्या चढाई करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर गेला आणि तिथेच राहिला. घाम, दातांत धरलेला ओठ, डोळ्यांत हळूहळू भरत गेलेलं पाणी, सगळं इतकं जवळून की तिच्या भुवईवरची जुनी खूण दिसावी. वंदना पुढे सरकून बसली होती. ती आनंदाने बघत नव्हती. ती कशी बघत होती हे मला चांगलं कळत होतं.

"हिला किती बरं," ती म्हणाली. "हिला म्हातारपणीसुद्धा बघता येईल, आपण कशा होतो ते."

मी रिमोट खाली ठेवला.

"मी कशी दिसायचे गं?" तिने विचारलं. "चढाई करताना? मला माहीतच नाही. त्या दिवशी तिथे एकसुद्धा कॅमेरा नव्हता. लोक म्हणतात सोनं, सोनं. मी स्वतः ते कधी बघितलंच नाही."

ज्या बाईवर मी सबंध मोसम जळले होते, ती माझ्या खुर्चीत बसून त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरीवर जळत होती. आणि तिने जे मागितलं होतं ते जगात फक्त माझ्याकडे होतं. दहा वर्षं मी तिला कोपऱ्यातून पाहिलं होतं. राज्याच्या संघापर्यंतची तिची प्रत्येक चढाई, प्रत्येक सरावाची संध्याकाळ.

मी साडी खोचली. प्रकाशला टीपॉय बाजूला घ्यायला सांगितलं. फरशीच्या दोन ओळींमधला सांधा मी मध्यरेषा म्हणून धरला आणि वंदना होऊन आत शिरले. ती आधी डावा खांदा पाडायची, जणू काही सांडलंय ते उचलायला निघालीय. कबड्डी-कबड्डी म्हणताना तिचा आवाज खालून यायचा, गुरगुरल्यासारखा, आणि मध्येच इतका बारीक व्हायचा की समोरच्यांना वाटावं दम संपला. उजवा हात ती कधी पुढे ठेवायची नाही. पाठीमागे ठेवायची, विसरल्यासारखा. आणि मग तो यायचा. परत येताना ती हसायची. मध्यरेषा ओलांडायच्या आधीच हसायची, यावर मंडळाच्या मास्तरांची किती बोलणी खाल्ली तिने. मी ते सगळं केलं. गुडघा कटकट वाजत होता. सोफ्याच्या हाताला हात मारून मी रेषेवर आले, हसत.

वंदना तोंडावर हात घेऊन बसली होती. "मी हसायचे?"

"आधीच हसायचीस. मला राग यायचा."

"अजून एकदा कर," ती म्हणाली. मी अजून एकदा केलं.

प्रकाशने ते फोनवर घेतलं होतं हे आम्हाला माहीत नव्हतं. त्याने ते कौतुकाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. तिथून सावंतकाकांच्या पुतण्याने उचललं. तिथून कबड्डीच्या कुठल्यातरी पेजवर गेलं. दोन दिवसांत ते इतकं फिरलं की बँकेत लोक येऊन मला डावा खांदा पाडून दाखवायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझा चेहरा पाहिला. आणि त्या व्हिडिओवर लिहिलं होतं, 'सुवर्णकन्या वंदनाताईंसमोर त्यांच्या एका चाहतीने केली त्यांची नक्कल!'

चाहती.

मी तो शब्द कितीतरी वेळ बघत बसले. प्रकाश म्हणाला, "अगं, खाली बघ, वंदनाने लिहिलंय." तिने खरंच लिहिलं होतं, मराठीत, एकही चूक न करता. 'ही चाहती नाही. ही आमच्या संघाचा डावा कोपरा. टीव्हीवर मी जे बोलले ते सगळं हिचं.' मला भरून आलं. अगदी खरं भरून आलं. मग मी पाहिलं की त्या कमेंटला माझ्या व्हिडिओपेक्षा जास्त बदाम पडले होते.

त्या मोसमाला आता काही वर्षं झाली. मुली परत आल्या, सत्कार झाले, आणि मग सगळे पडदे पुन्हा क्रिकेटकडे वळले. ती अर्धं पाऊल मागे जाणारी कोपऱ्यातली मुलगी आता कुठे खेळते, कुणी विचारत नाही. मी आणि वंदना विचारतो. तिची बातमी शोधायची म्हणजे वर्तमानपत्र शेवटून उघडावं लागतं, आणि तरी ती सापडेलच असं नाही. गाजावाजा हा पाण्याच्या टँकरसारखा असतो असं मला वाटतं. ज्या गल्लीत येतो तिथे रस्ता भिजवून जातो, आणि शेजारच्या गल्लीत धूळ तशीच. पण हे शहाणपण मला बाकीच्या वर्षांत सुचतं. मोसम आला की सुचत नाही.

आणि मोसम आलाय. परवा कबड्डीचा पहिला सामना होता. वंदना सकाळीच माझ्याकडे आली, आता मोसमभर ती इथेच येणार. आम्ही आवाज बंद करून बघतो आणि मोठमोठ्याने भांडतो. मध्यंतरात तिचा फोन वाजला. त्याच वाहिनीवरून, कुणी नवीन मुलगी. फोन स्पीकरवर होता.

"वंदनाताई, मुलींसाठी एक तीस सेकंदांची प्रतिक्रिया हवी होती. आईच्या आठवणीसकट."

"आई बरी आहे," वंदना म्हणाली. "सामन्याबद्दल बोलायचं असेल तर बोलते."

"हो, म्हणजे... आज बचाव चांगला चाललाय, त्यावर?"

"मग माझ्याशी काय बोलता? हिच्याशी बोला." तिने फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून विचारलं, "आपण?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. डावा कोपरा म्हणून कुठे कुठे खेळले ते सांगितलं. मग तिने विचारलं की आजच्या बचावात काय वेगळं दिसलं, आणि ती खरंच ऐकत होती. मागे कीबोर्डचा आवाज येत होता, ती लिहून घेत होती. बचावातल्या मुली एकमेकींचे हात धरून साखळी कशी करत होत्या ते मी सांगितलं. उजवीकडची मुलगी आज घाई का करतेय ते सांगितलं. तिने माझं नाव पुन्हा विचारलं, पहिलं अक्षर कोणतं, आडनाव कसं लिहायचं.

बोलता बोलता माझी नजर वंदनाकडे गेली. ती टीव्हीकडे बघत नव्हती. ती माझ्या हातातल्या स्वतःच्या फोनकडे बघत होती. चेहऱ्यावर हसू होतं, मैत्रिणीचं, कौतुकाचं, आणि त्या हसण्याच्या जरा खाली, ओठांच्या कडेला, काहीतरी आवळलं गेलं होतं. ते काय आहे हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला एका नजरेत कळलं. मागचा अख्खा मोसम, भाकरी थापता थापता, खिडकीच्या काचेत मी ते माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

पलीकडची मुलगी म्हणाली, "थँक यू मॅडम, एवढं पुरेल."

"थांबा," मी म्हटलं, "अजून एक सांगायचं राहिलं," आणि खुर्ची ओढून नीट बसले.